लाल गाडीचे आकडे

प्रिय दादा,

हे पत्र वहिनीकडून वाचून घेऊ नकोस. चष्मा सापडत नाही ही सबब मला सांगायची नाही, तो तुझ्या शर्टाच्या खिशात असतो. दार लोटून घे आणि एकट्याने वाच. फोनवर बोलायचा मी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा तुझ्या गोदामातल्या फरशांची चौकशी केली, तुझा गुडघा कसा आहे विचारलं आणि फोन ठेवून दिला. तुलाही नवल वाटलं असेल, हिला एकाएकी फरशांचा एवढा पुळका कुठून आला.

पत्र मास्तरबद्दल आहे. पुढच्या महिन्यात त्याला, माझ्या नवऱ्याला, जाऊन सात वर्षं होतील, आणि सात वर्षांत तू एकदाही पाना हातात धरलेला नाहीस. ज्याच्या गॅरेजसमोर लोक आठ-आठ दिवस गाड्या लावून थांबायचे, तो माणूस आता घरचा नळ गळला तरी प्लंबरला बोलावतो आणि तो काम करत असताना बाहेर जाऊन उभा राहतो. वहिनीने सांगितलं मला. मास्तरचा जीव तुझ्या हातून गेला असं तू मनात घट्ट धरून बसला आहेस. मला त्याबद्दलच बोलायचं आहे. पण एकदम तोंडातून निघणार नाही, मला जरा लांबून येऊ दे.

काल ऑफिसात एका रस्त्याचा नकाशा काढत होते. रस्तेखात्यात माझं कामच ते, कोणत्या वळणाची त्रिज्या किती हे ठरवून रेघ मारायची. वळण काढता काढता तुमच्या दोघांच्या भांडणाचा आवाज कानात सुरू झाला. निळी की लाल? जेवताना निळी की लाल, दवाखान्यात रांगेत बसल्यावर निळी की लाल, माझ्या लग्नाच्या सह्या करताना तुम्ही दोघं साक्षीदारांच्या बाकावर बसून तेच करत होतात. नोंदणीच्या बाईंनी नवरदेव कोण म्हणून विचारलं तेव्हा मास्तरने हात वर केला आणि पुन्हा तुझ्याकडे वळून म्हणाला, पण टाकी केवढीशी आहे तुझ्या गाडीची, ते बोल ना.

बाहेरच्या माणसाला त्या दोन गाड्यांत काय फरक दिसायचा? काहीच नाही. दोन्ही चार दरवाज्यांच्या, बिऱ्हाड घेऊन बाजारात जाण्याजोग्या. दोन्हींचं इंजिन दोन लिटरचं, दोन्हींना टर्बो, दोन्हींचा जोर चारही चाकांना. बॉनेटवर हवा ओढायचं नाक आणि मागे तो भलामोठा पंख, ज्यावर वहिनी म्हणायची की दोन चादरी सहज वाळतील. दोघींच्या कारखान्यांनी जंगलातल्या रॅलीच्या शर्यतींत नाव काढलं आणि मग तीच गाडी नंबरप्लेट लावून आपल्यासारख्यांना विकली. पण तुमच्यापुढे त्या सारख्या आहेत असं म्हणायची सोय नव्हती. तू म्हणायचास, मास्तरची निळी घसा खाकरत चालते. तिचं इंजिन आडवं, सिलिंडर दोन्ही बाजूंना झोपलेले, त्यामुळे तो फडफडणारा आवाज. मास्तर म्हणायचा, खाकरू दे, पण वजन जमिनीलगत आहे, खडीवर घसरली तरी हळूच सांगून घसरते. तुझी लाल मात्र फणकाऱ्याची. स्टिअरिंगला बोट लावलं की नाक आत. मागच्या दोन चाकांना किती जोर द्यायचा हे तिचा कॉम्प्युटर ठरवायचा, आणि मास्तर तुला चिडवायचा की गाडी तीच चालवते, तू फक्त हेल्मेट घालून शोभेला बसतोस.

आणि मधे मी. दोन्ही गाड्यांच्या शेजारच्या सीटवर बसलेली जगात मी एकटीच. लग्नाआधी चार वर्षं तुझ्या शेजारी, नंतर पाच वर्षं त्याच्या. मांडीवर वही, कानात हेडफोन, आणि पुढचं वळण यायच्या आधी ते वाचून दाखवायचं. तुम्हा दोघांनाही माझ्याकडून निकाल हवा होता. दरवर्षी रॅलीचा मोसम संपला की त्या बंद पडलेल्या खाणीतल्या रस्त्यावर आपण अदलाबदलीचा दिवस करायचो, आठवतं? तू निळीत, तो लालमध्ये, आणि मी दगडावर घड्याळ घेऊन. दरवर्षी मी सांगायचे की आपापल्या गाडीत तुम्ही जास्त वेगात होतात. तुम्ही दोघं खूश होऊन चहा प्यायला जायचात. दादा, ते खोटं होतं. पाचही वर्षं तू निळीत जास्त जलद होतास आणि तो लालमध्ये. तुला खडीवर सैल सुटायला आवडायचं आणि मास्तर नेमका, काटेकोर माणूस, म्हणजे गाड्या उलट्याच घेतल्या होत्यात तुम्ही. पण हे कोण सांगणार? सांगितलं असतं तर तुमच्या दोघांची तोंडं कशी झाली असती ते मला दिसत होतं. घरात शांतता राहावी म्हणून मी सोयीचं तेवढं वाचलं. माझी ही खोड तुला माहीत असायला हवी, म्हणून हे आधी सांगितलं.

तरीही मला विचारशील तर सांगते. लाल जास्त चांगली होती. वळणात शिरताना ती ऐकायची. निळीचं नाक बाहेर जायचं, कितीही लाड करा. ती उशिरा वळायची, म्हणून तिला आधीच वेग कमी करून आत न्यावं लागायचं. मास्तरलाही हे माहीत होतं, म्हणून तर त्याने तुझ्यापुढे मान तुकवली आणि मागची कांब बदलून घेतली. निळीवर तुझा हात लागू देणं म्हणजे त्याच्यासाठी केवढं होतं. गाडी वळणात कलू नये म्हणून मागे आडवी कांब असते, ती तू जाड बसवलीस, म्हणजे नाक थोडं आत येईल. दोन दिवस गाडीखाली पडून होतास. प्रत्येक बोल्ट स्वतः आवळलास आणि प्रत्येकावर पिवळ्या रंगाची रेघ मारलीस, म्हणजे सैल झाला तर कळावं.

आता आकड्यांबद्दल. तुला सगळं माहीत आहे, पण मला क्रमाने जाऊ दे, नाहीतर मी पुन्हा फरशांवर घसरेन. वळणाला आपण आकडा द्यायचो. एक म्हणजे जवळजवळ जागच्या जागी वळायचं, सहा म्हणजे सरळच. आकडा जेवढा मोठा तेवढा वेग. एकाच वळणावर लाल पाचाने जायची तिथे निळी चारानेच जाऊ शकायची. म्हणून आपल्या घरचा नियम होता, लालची वही निळीसाठी उतरवायची तर प्रत्येक आकड्यातून एक वजा. जगात दुसऱ्या कुणाला या नियमाचा काडीचा उपयोग नसेल. मी आधी पान जसंच्या तसं उतरवायचे आणि मग तांबडी पेन्सिल घेऊन वरून खाली यायचे, आकडा खोडायचा, वर नवा लिहायचा. नवी कांब बसवल्यावर मास्तर म्हणाला होता की मोसमभर नियम हाच ठेवू, गाडीचा अंदाज आला की मग बघू.

त्या वर्षी सरावाच्या दिवशी सकाळभर धुकं होतं आणि मास्तरच्या अंगात कणकण होती. निम्म्या रस्त्याचा सराव करून वही लिहून झाली, उरलेला निम्मा राहिला. आमची आदल्या वर्षीची वही पावसात भिजून फुकट गेली होती, पण तुझी माझ्या पिशवीत होती, रस्ता तोच. दुपारी लॉजच्या खोलीत खिडकीशी बसून मी ती उतरवायला घेतली. बारा, तेरा, चौदा. चौदावं पान उतरवून झालं आणि खालून मास्तरने हाक मारली, गाडीची तपासणी लागली होती, त्यांना माझं हेल्मेट बघायचं होतं. मी गेले. तुम्ही दोघं तिथे निळीच्या मागे उकिडवे बसून पिवळ्या रेघा मोजत होतात, पंधरा-वीस मिनिटं मी तुमच्यातच रमले. परत वर आले, पंधरावं पान उतरवलं आणि तांबडी पेन्सिल तिथूनच चालवायला सुरुवात केली.

एवढंच झालं. चौदाव्या पानावर तांबडी रेघ नाही. त्या पानावरचे आकडे लाल गाडीचे आहेत.

त्या पानावर तिसऱ्या ओळीत आहे, उजवं पाच, चढावरून, सोडू नको. सोडू नको म्हणजे पाय उचलू नको. चढाच्या पलीकडचं वळण चढावरून दिसत नाही, तिथे माणूस डोळ्यांवर नाही, कानावर गाडी चालवतो. मास्तर नऊशे वेळा माझ्या आवाजावर गेला असेल, एकदाही त्याने उलट विचारलं नाही. मी वाचलं आणि माझ्याच आवाजातलं पाच माझ्या कानावर पडलं. पानावर तांबडं काही नाही हे मला दिसलं. दादा, दिसलं मला, पण अर्ध्या सेकंदाने. तोवर आम्ही चढावर होतो आणि तो पाय दाबूनच होता, मीच सांगितलं होतं म्हणून. निळीचं नाक बाहेर गेलं. गाडी फिरली आणि झाडं त्याच्या बाजूला आली.

पुढचं तुला माहीत आहे, किंवा तुला वाटतं की माहीत आहे. अपघात तपासणाऱ्या माणसाला मागच्या कांबेचा एक बोल्ट तुटलेला सापडला. आपटण्याआधी तुटला की आपटून तुटला, सांगता येत नाही, असं त्याने लिहिलं. तेवढं वाक्य तुला पुरलं. हॉस्पिटलच्या त्या हिरव्या भिंतींच्या बोळात, माझ्या सासूबाईंसमोर, सगळ्यांसमोर, तू म्हणालास की बोल्ट मी बसवला होता. मी आत पलंगावर होते, मानेला पट्टा, दार अर्धं उघडं. मला शब्द न् शब्द ऐकू आला. मी तोंड उघडायला हवं होतं. मी डोळे मिटून घेतले आणि नर्सला वाटलं झोप लागली.

दुसऱ्या दिवशी मास्तर गेला. मग वाटलं, आता नको, सासूबाईंचं जरा सावरू दे. मग त्या माझ्याच गळ्यात पडून रडल्या, तुला एकटीला सोडून गेला म्हणाल्या, माझ्या केसांना तेल लावायला लागल्या, माझ्यासाठी पातळ भात करायला लागल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा मी वाचून मारला होता आणि त्या मला भरवत होत्या. कोणत्या तोंडाने सांगणार होते? तू भेटायला आलास तेव्हा त्यांनी दारातूनच तुला परत जायला सांगितलं. तू पायरीवर किती वेळ उभा होतास. मी आत होते, पडद्याआड. तू गेलास, आणि मला काय वाटलं ते सांगू? हलकं वाटलं. तुझ्यावर खापर फुटलं आणि मी वाचले. सख्ख्या भावाच्या बोल्टाआड सात वर्षं लपून राहिले मी. तू गॅरेज विकलंस तेव्हाही मला समजलं होतं की तोंड उघडायची वेळ हीच. मी तुला फक्त एवढं विचारलं की अवजारं कुठे ठेवणार.

तू आता वाद घालशील, मला माहीत आहे. कांब सुटली तरी नाक बाहेरच जातं, छोटी, तू उगाच माझ्यासाठी अंगावर ओढून घेतेस, असं म्हणशील. वही पाकिटात घातली आहे. चौदावं पान उघड आणि मग बोल.

आणि आता का लिहिते आहे ते. तुझ्या भिंगरीमुळे. तुझी मुलगी गेले चार महिने दर रविवारी माझ्याकडे येते, आणि तुला सांगते की अभ्यासाला जाते. अभ्यास असा की तिच्या मैत्रिणीने जुनी गाडी घेतली आहे आणि भिंगरीला तिच्या शेजारी बसून वाचायचं आहे. तू घरात गाडीचा विषय काढू देत नाहीस, म्हणून ती माझ्याकडे शिकायला आली. मला आधी तुला विचारायला हवं होतं, पण दादा, पोरगी इतकी तुझ्यासारखी आहे की मला नाही म्हणवेना. ओठ चावून ऐकते आणि पटलं नाही तर भुवई तेवढी वर जाते. आवाज सुरेख आहे, घाई नाही. मी तिला आकडे शिकवले, वजा एकचा नियमसुद्धा गंमत म्हणून सांगितला. दोन रविवारांपूर्वी मी चहा टाकायला उठले होते. परत आले तर माझ्या कपाटातली निळीची वही तिच्या मांडीवर होती. लालची, शिकवायला काढलेली, आधीच टेबलावर होती. तिने दोन्ही शेजारी धरल्या होत्या. मला म्हणाली, आत्या, बाराव्या पानापासून सगळ्यांवर तांबडं आहे, या एकाच पानावर का नाही?

सात वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी कप खाली ठेवले. वीस वर्षांच्या मुलीला कळायला किती वेळ लागतो? तिचा चेहरा उतरत गेला. आणि मग मी जे केलं त्याची लाज मला बाकी सगळ्याहून जास्त वाटते. मी तिचे हात धरले आणि म्हटलं, बाबांना सांगू नकोस. तिने मान हलवली. बरं म्हणाली. जाताना माझ्या खांद्यावरची शाल नीट केली. गेल्या रविवारी परत आली, माझ्यासाठी खोकल्याचं औषध घेऊन. वही, आकडे, काही विषय काढला नाही. मला खायला दिलं, खिडकी लावली, आत्या तू काळजी करू नकोस म्हणाली. मला सांभाळायला लागली आहे ती, दादा. रोज घरी जाऊन, नळाखाली बादली लावून प्लंबरची वाट बघणाऱ्या बापासमोर जेवायला बसते आणि गप्प राहते, माझ्या सांगण्यावरून. मी मास्तरला चुकीचं वाचलं ती चूक होती. पण हे मी जाणूनबुजून केलं, दिवसाउजेडी, चहाचे कप समोर असताना. तिच्यावर चिडू नकोस. तिला आज जवळ बसव आणि सांग की आत्याने स्वतः सांगितलं, आता तुला गप्प राहायचं कारण नाही.

आज सकाळी, हे लिहायला बसण्याआधी, सासूबाईंना सांगितलं. वही पुढ्यात ठेवली. त्यांना आकड्यांतलं काही कळत नाही, मी एकेक समजावून दिला, शाळेत फळ्यावर द्यावा तसा. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, तुझ्या भावाला मी दारातून घालवलं तेव्हा तू कुठे होतीस. मी म्हटलं, इथेच, आत. त्या उठून त्यांच्या खोलीत गेल्या. दुपार टळली, अजून बाहेर आलेल्या नाहीत. मला या घरात ठेवतील की नाही, माहीत नाही. ठेवावं असं मी म्हणणारही नाही. तू क्षमा कर असंही लिहीत नाही, ते मागायला माझी जीभ वळत नाही. मला तुझ्याकडून काही नको. पण तुझी एक गोष्ट माझ्याकडे राहिली आहे, आणि खरं तर तेवढ्यासाठी हे पत्र आहे. त्या उजव्या वळणाच्या आधी एक डावं होतं, चांगलंच आवळत जाणारं. निळी तिथे दरवर्षी नाक बाहेर काढायची. त्या दिवशी नाही काढलं, दोरीने ओढल्यासारखी आत वळली. तुझी कांब, तुझे बोल्ट, सगळं जागच्या जागी होतं. मधे पन्नास मीटर सरळ होतं आणि तेवढ्यात मास्तर हसला. हेडफोन फक्त आमच्या दोघांत जोडलेले, त्यामुळे ते माझ्याशिवाय कुणी ऐकलं नाही, आणि मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर बोल्टाचं खोटं त्याच दिवशी उघडं पडलं असतं. तो म्हणाला, दादाला सांग, आज ही माझं ऐकते आहे, काय हात आहे गड्याचा. सांग म्हणाला होता, दादा. ते त्याचं शेवटचं बोलणं.

तुझीच,
छोटी